भावोजींच्या सिनेमात आई जगतात

केस वाढले की लोक कापून येतात, तितक्या नियमितपणे माझे धाकटे दीर सिनेमा काढतात. सगळे सिनेमे आमच्याच घरात घडतात. आतल्या खोलीत पलंगावर हिरवी चादर अंथरली की इस्पितळ, गॅलरीत टेबल टाकलं की पोलीस चौकी. आमच्या ह्यांच्याकडे खाकी पँट आहे, म्हणून हे कायम इन्स्पेक्टर. इतकी वर्षं झाली, बढती नाही.

सासूबाई मात्र दर सिनेमात मरतात. त्यांना संवाद पाठ होत नाहीत आणि मेलेल्या माणसाला संवाद नसतात, हे भावोजींच्या फार लवकर लक्षात आलं. शिवाय भावोजी दुसरा टेक घेत नाहीत. "खऱ्या आयुष्यात कुणी दोनदा बोलतं का, वहिनी?" असं ते मला वरचेवर विचारतात. एकदा प्राण सोडल्यावर आई मला म्हणाल्या, "गॅस बारीक केलास ना गं?" तेही सिनेमात आहे. त्या प्रसंगाला लोक रडले.

या खेपेला आई अडून बसल्या.

"मी नाही मरणार."

"अगं, किती छान मरतेस तू!"

"माझ्या मैत्रिणी मध्यंतरातच उठून जातात. मी गेले की त्यांचं काम संपलं. एकदा तरी मला शेवटपर्यंत जगव, नाहीतर शोध दुसरी आई."

दुसरी आई आयत्या वेळी कुठून आणणार? भावोजींनी गोष्ट बदलली. हरवलेली मुलगी शेवटी घरी येते आणि खुर्चीत बसलेली आई म्हणते, "आलीस?" एवढाच संवाद. आईंनी तो आठवडाभर घोकला आणि मैत्रिणींना बजावलं, "यंदा शेवटपर्यंत बसायचं."

खेळाच्या आदल्या दिवशी भावोजी जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून प्रसंग जोडत होते. मी शेजारी भाजी निवडत होते. पडद्यावर आई "आलीस?" म्हणाल्या. सुरेखच म्हणाल्या. आणि त्यांच्या डोक्यावर, भिंतीवर, काळी फीत लावलेला त्यांचाच फोटो.

मागे कुठल्याशा सिनेमात त्या वारल्या तेव्हा टांगलेला. पुढच्या सिनेमात लागणारच म्हणून कुणी उतरवला नाही, आणि पुढे आम्हाला तो दिसेनासाच झाला. नवे पाहुणे फोटो बघून गंभीर व्हायचे, मग आई चहा घेऊन बाहेर यायच्या.

भावोजींचा चेहरा पडला. मुलीचं काम करणारी नोकरीसाठी परगावी निघून गेली होती, त्यामुळे प्रसंग पुन्हा घेणंही शक्य नव्हतं. "प्रसंगच कापतो," ते म्हणाले.

"मग माझं काय होतं?" आई दारातूनच.

"काही नाही. तू फक्त दिसायची थांबतेस."

"त्यापेक्षा मेलेली बरी होते." आईंनी चष्मा लावला, पडद्यावरचा फोटो नीट पाहिला. "ही माझी बहीण."

"कुठली बहीण?"

"जुळी. ती गेली, मी आहे. सांग, कुठे बोलू?"

आवाज घुमू नये म्हणून कपाटाचं दार उघडून भावोजींनी कपड्यांमध्ये माइक धरला. आई न अडखळता म्हणाल्या, "ताई गेल्यापासून ही खुर्ची मी सोडली नाही."

"परत एकदा म्हण," भावोजी म्हणाले. मी चमकून पाहिलं. पहिल्या वेळी ते स्वतःच नाक ओढत होते, ते माइकमध्ये आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणी शेवटपर्यंत बसल्या. दिवे लागल्यावर त्यातली एक डोळे पुसत आईंपाशी आली. "इतकी वर्षं ओळख आपली, आणि बहीण गेल्याचं एका शब्दाने बोलली नाहीस?"

आई म्हणाल्या, "विषयच निघाला नाही."