मामांचे दोन शिक्के

जगात जे काही छापलं जातं, रंगवलं जातं किंवा माइकवरून बोललं जातं, ते सगळं आधी आपल्याकडे तपासणीला यायला हवं होतं आणि केवळ पोस्टाच्या गलथानपणामुळे आलं नाही, अशी ठाम समजूत असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. तो माझ्या बायकोचा मामा. मामा खडकीला कारखान्यात तपासनीस होते. लोखंडी नळकांड्यावरून बोट फिरवायचं, डोळा बारीक करून आत बघायचं आणि पसंत पडलं नाही तर शिक्का हाणायचा, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं. निवृत्त होताना तो शिक्का परत द्यावा लागला. मामी तोवर गेल्या होत्या, मुलगी नागपूरला दिलेली, आणि विश्रांतवाडीत आमच्याच गल्लीतल्या त्या दोन खोल्यांत आवाज करायला कुकर सोडला तर कोणी नव्हतं. आठवडाभर मामांना घास गोड लागेना. मग एक दिवस ते पेठेत जाऊन स्वतःच्या खर्चाने दोन गोल शिक्के करून घेऊन आले. एकावर ‘तपासले – मंजूर’, दुसऱ्यावर ‘तपासले – नामंजूर’. शाई जांभळी. खाली सहीला जागा. मामांची सही म्हणजे दौतीत पडलेली मुंगी बाहेर येऊन घाबरून पळाली की जसं दिसेल तशी. मूळ नाव काय हे बँकेलासुद्धा विचारून घ्यावं लागे.

पहिला माल अर्थातच वर्तमानपत्राचा. पहाटेचा चहा झाला की मामा टेबलावर अंक पसरत आणि बातमीगणिक शिक्का मारत. ‘पुण्याचे सिंगापूर होणार’ – नामंजूर. ‘दोषींची गय केली जाणार नाही’ – नामंजूर, तेही दोनदा. त्याच पानावर खाली कोपऱ्यात ‘गुरुवारी पाणीपुरवठा बंद’ असं असलं की मामांचा चेहरा खुलायचा. “जावईबापू, ही बातमी बघा. खणखणीत माल. मंजूर!” आमच्या रद्दीवाल्याची अशी समजूत होती की हे घर सरकारी आहे, तो चपला बाहेर काढून आत येई. एकदा पेपरात आलं की एका पुलावर तडा गेल्याने परिसरात एकच खळबळ उडाली. मामांनी मला स्कूटर काढायला लावली. आम्ही खळबळ बघायला गेलो. पुलाखाली एक गृहस्थ दाढी करून घेत होते आणि दोन म्हशी उभ्या होत्या. मामांनी न्हाव्याला विचारलं, “काय हो, इथे काल खळबळ उडाली होती ना?” तो म्हणाला, “सकाळी काय न्हवतं. दुपारी मी जेवायला घरी जातो.” मामांनी तिथेच स्कूटरच्या सीटवर अंक ठेवून शिक्का मारला. आयुष्यात एकदा तरी खरी खळबळ बघायची, ही इच्छा मात्र तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून राहिली.

एकट्या दूरदर्शनची जागा पन्नास वाहिन्यांनी घेतल्यावर मामांचं काम एवढं वाढलं की कारखान्यात असते तर त्यांनी हाताखाली माणसं मागितली असती. पुराचं पाणी गळ्याशी आलेल्या माणसापुढे माइक धरून वाहिनीची मुलगी विचारी, “काय सांगाल? कसं वाटतंय?” मामा खुर्चीतून ओरडत, “गार वाटतंय, बाई!” सरकारी पत्रांशी तर त्यांचं रीतसर वैर होतं. एकदा त्यांच्या अर्जाला उत्तर आलं की अर्ज संबंधितांकडे पाठवण्यात आला आहे. मामा हे संबंधित शोधायला कचेरीत गेले. सात टेबलं फिरले. प्रत्येकाने आपला काही संबंध नसल्याचं सांगितलं. “अख्ख्या इमारतीत एक संबंधित नाही हो,” मामा परत येऊन म्हणाले, “असंबद्ध मात्र भरपूर.”

अशा या मामांकडे नागपूरहून त्यांची नात, रसिका, राहायला आली. हिंजवडीला कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत तिला नोकरी लागली होती. सकाळी कंपनीची बस घेऊन जाई, संध्याकाळी साडेसातला आणून सोडी. पण सोडी कुठे? आळंदी रस्त्यावरच्या चौकात. कारण आमच्या गल्लीच्या तोंडाशी ‘काम चालू, रस्ता बंद’ अशी पत्र्याची पाटी आणि दोन पिंपं उभी होती. केबलसाठी खड्डा खणला होता, तो बुजवूनही तीन वर्षं लोटली होती. काम संपलं, कामगार गेले, कंत्राटदाराचा मुलगा बारशाचा मोठा होऊन बालवाडीत गेला, पाटी राहिली. आम्ही स्कूटरवाले कडेने घुसत असू. बस मात्र घुसेना. मामांनी ड्रायव्हरला विनवलं. तो म्हणाला, “रस्ता मोकळा हाय, मलाबी दिसतंय आजोबा. पण बोर्ड हाय ना! बोर्ड असताना गाडी घातली तर माझी नोकरी जाईल.”

मग मामा रोज सात वाजता बूट चढवून, टॉर्च घेऊन चौकात हजर. गल्लीत दिवे नव्हते, खड्डे बुजवताना कुठे उंचवटे तर कुठे खळगे झालेले. रसिका त्यांच्या दंडाला धरून चाले आणि त्या दहा-बारा मिनिटांत दिवसभराचं ऑफिस सांगे. “आजोबा, माझं प्रोजेक्ट संपलं, म्हणून मला बेंचवर बसवलंय. काहीच काम नाही, पगार फुल्ल.” मामा जागीच थांबत. “आमच्या वेळी बेंचवर उभं करायचे, बाई, आणि पालकांना बोलवायचे. नामंजूर!” “आजोबा, आम्हाला रिसोर्स म्हणतात.” “कोळशाला म्हणतात तसं? नामंजूर!” ती खो खो हसे. दारात पोचल्यावर मामा गुडघे चोळत पाटीला शिव्या घालत. पोरीच्या पायाखाली खड्डे आणि पेपरात महासत्ता, हे त्यांना मनापासून डाचत होतं.

त्यांनी अर्ज केले. उत्तर आलं, ‘सदर ठिकाणी काम प्रगतिपथावर आहे.’ मामा खुर्ची टाकून तीन दिवस पाटीशेजारी बसले, प्रगती दिसते का ते बघत. शेवटी चौथ्या दिवशी त्यांचा तोल गेला. खिशातून शिक्का काढला, फुंकर मारली आणि पाटीच्या बरोबर मध्यभागी हाणला – ‘तपासले – नामंजूर’. खाली सही.

आणि पुढच्याच सोमवारी महापालिकेचा ट्रक आला. मुकादम आणि दोघं जण. पाटी उपटली, पिंपं चढवली. मामा धावत खाली गेले. मी मागोमाग.

“अहो, कोणाच्या हुकमाने उचलताय?”

“साहेबांनी तपासून नामंजूर केलीय, काका. शिक्का दिसत न्हाय का?”

“कोणत्या साहेबांनी?”

मुकादमाने सहीकडे निरखून पाहिलं. “वाचता येत न्हाय. म्हंजे मोठेच असणार.”

मामा त्या दिवशी जे ताठ झाले ते आठवडाभर वाकले नाहीत. सोसायटीने पेढे वाटले. बस थेट फाटकापर्यंत येऊ लागली. आणि मामा तरीही सात वाजता बूट चढवून फाटकात उभे. बस थांबे. रसिका मोबाइल कानाला लावून उतरे, टेक्सासला काहीतरी समजावत, हाताने ‘आलेच’ अशी खूण करत जिना चढे आणि खोलीचं दार लावून घेई. पंधरा पावलं, फार तर. तिचं तरी काय चुकलं? काम होतं तिला. आणि हातात आता कोणाचा दंड धरायचा नव्हता.

दोन आठवड्यांनी मी मामांकडे गेलो तर अंक कोरा. एकही शिक्का नाही. “काय मामा, देश सुधारला की काय?” ते म्हणाले, “तसं नव्हे. जावईबापू, चालायला बरं होतं हो ते.” मग खिडकीबाहेर बघत, “ती पाटी कुठे टाकली असेल?”

मी उठलो. स्कूटर काढली. महापालिकेच्या कोठारामागे, गंजक्या बाकांच्या आणि मोडक्या पिंपांच्या ढिगात ती सापडली. मामांनी रुमालाने पुसली. डोळा बारीक करून तपासली. खिशातून या वेळी दुसरा शिक्का निघाला. जुन्या शिक्क्यावर एक काट मारून शेजारी त्यांनी नवा उमटवला – ‘तपासले – मंजूर’. खाली मुंगी पळाली. “मामा,” मी म्हणालो, “लोक आपल्याला मारतील.” “आपल्याला नाही,” मामा म्हणाले, “साहेबांना.”

तिसऱ्या दिवशी मुकादमाच्या ट्रकमधून पाटी परत जागेवर! गल्लीत जी आरडाओरड झाली ती काय वर्णावी. बायका रस्त्यावर, सेक्रेटरी बनियनवर, कोणी नगरसेवकाला फोन लावतोय, कोणी साहेबांचा उद्धार करतोय. मामा गॅलरीत चहा पीत उभे होते. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “एकच खळबळ उडाली बरं का. मंजूर.” त्या संध्याकाळी टॉर्चचा उजेड पुन्हा गल्लीत शिरला आणि मागोमाग रसिकाचं हसू. त्या पापात माझी स्कूटर सामील होती, हे मी बायकोलाही सांगितलं नाही.

पुढे बऱ्याच महिन्यांनी एका उनाड ट्रकने ती पाटी कायमची आडवी केली आणि भंगारवाल्याने ती नेली. त्या संध्याकाळी मी चौकात पानाच्या टपरीशी उभा होतो. समोर कंपनीची बस आली. ड्रायव्हरने खुशीत बस गल्लीकडे वळवायला घेतली तर रसिका आतून ओरडली, “भाऊ, इथेच थांबवा.”

“अवो ताई, रस्ता मोकळा झाला की! बोर्ड न्हाय आता.”

रसिकाने मोबाइल बंद करून पर्समध्ये टाकला. “मला माहितीये,” ती उतरता उतरता म्हणाली, “पण आमच्याकडे काम चालू आहे.”

गल्लीच्या तोंडाशी मामा उभे होते, बूट घालून, टॉर्च लावून. आपलं गुपित कोणाला कळलेलं नाही अशा थाटात.