वरून फेकलेला गुलाल

माझ्या बापाला गुलाल लावला नाही. फेकला.

देवळाच्या ओट्यावर गावची माणसं बसली होती. बा खाली, पायरीपासून लांब, गळ्यात हलगी अडकवून वाजवत उभा होता. ग्रामपंचायतीचे मेंबर ठरले होते. निवडणूक झाली नव्हती. आमच्या गावात ती होतच नसे. साखर कारखान्यावरून जीप यायची, जीपमधून नावं यायची, आणि जितक्या जागा तितकेच फॉर्म भरले जायचे. याला बिनविरोध म्हणत. गावाला त्याचा मोठा अभिमान.

सरपंच अण्णा एकेकाला पुढं बोलवत होते, कपाळाला गुलाल लावत होते. बा प्रत्येकासाठी ठेका वाढवत होता. शेवटी राखीव जागा उरली. अण्णांनी खाली पाहिलं.

"सख्या, तुलाबी मेंबर केलाय."

बाचा हात थांबला.

"थांबू नगंस. वाजव."

बा वाजवू लागला. स्वतःसाठीच. अण्णांनी ताटातला उरलासुरला गुलाल मुठीत घेतला आणि ओट्यावरून खाली टाकला. तो कपाळावर पडला नाही. डोळ्यांत गेला. दोन्ही हात हलगीवर. चोळायला हात मोकळा नाही. मिशा लाल, गाल लाल, डोळ्यांतून धारा.

ओट्यावरून कुणीतरी म्हणालं, "आरं, मेंबर रडाया लागला! आनंद झालाय लई."

सगळे हसले. बाही हसला.

मी आईशेजारी उभी होते. सगळे पांगल्यावर आईनं पदराचं टोक जिभेनं ओलं करून त्याचे डोळे पुसले. आधी पुढं जायची तिची हिंमत झाली नाही. माझीही नाही.

बा अण्णांचा सालगडी होता. बैल, शेण, उसाचं पाणी, सगळं त्याच्याकडं. मेंबर झाल्यावरही तेच. मिटिंगच्या दिवशी उसाचं पाणी दुसऱ्याच्या हवाली करून, हातपाय धुऊन, धुतलेली टोपी घालून तो पंचायतीत जायचा. बाकीचे मेंबर खुर्चीवर. बा दाराशी, चपलांजवळ. अण्णांनी सांगितलं की चहा आणायचा. ग्रामसेवकानं हाक मारली की अंगठा द्यायचा.

एकदा त्यानं विचारलं होतं. मी भाकरी घेऊन गेले होते, म्हणून माझ्या कानावर पडलं.

"भाऊसाहेब, ह्यो अंगठा कशावर?"

"पाण्यावर."

"आमच्या वाड्याला येनार का पानी?"

"येईल की. आधी अंगठा तर दे. शाई वाळतीय."

आमच्या वस्तीला गाव मांगवाडा म्हणे. मी वस्ती म्हणते.

आणि खरं सांगायचं तर गावही गावाचं नव्हतं. ऊस कधी तुटणार, कुणाच्या पोराला चिकटवून घेणार, शाळेवर पत्रे पडणार की नाही, सगळं कारखाना ठरवी. जीपचा धुरळा दिसला की अण्णासुद्धा जेवणावरून उठून कोट चढवत. फरक इतकाच, की त्यांना वाकायला एकच जागा होती. आम्हाला सगळीकडं वाकायचं होतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

वस्तीचा आड आटला. सरकारी टँकर गावच्या विहिरीत पाणी ओतून जायचा. त्या विहिरीला आमची बादली चालत नव्हती. आमच्या बाया कठड्यापासून लांब घागरी मांडून बसायच्या आणि कुणाला दया येईल याची वाट बघायच्या. दया आलेली बाई उंचावरून पाणी ओतायची, शिंतोडा परत अंगावर येऊ नये म्हणून. निम्मं मातीत जायचं.

मला नवऱ्यानं टाकलं होतं. मी माहेरी राहून दुष्काळी कामावर खडी फोडत होते. त्या कामावर चार गावची माणसं एका रांगेत बसायची. तिथं मला एक गोष्ट कळली. शेजारच्या तालुक्यातली एक बाई सहज बोलून गेली, "आमच्यात मतदान झालं की. पेटी ठिवली हुती शाळंत. म्या सवता चिठ्ठी टाकली."

माझा हातोडा थांबला. मला वाटत होतं, पेटी फक्त दिल्ली-मुंबईच्या निवडणुकीला असते. गावाला नसतेच.

आमच्या टोळीत दशरथ होता. वस्तीतला पहिला मॅट्रिक, तोही खडीच फोडत होता. तो म्हणाला, "पंचायतीची मुदत संपलीय. ह्या बारीला दुसरा फॉर्म पडला, तर मतदान घ्यावंच लागतंय. जागा आपली हाय. मानूस त्येंनी का ठरवायचा?"

फॉर्म कोण भरणार, यावर सगळे पुरुष खडीकडं बघायला लागले. प्रत्येकाचं पोट कुणाच्या तरी मुठीत होतं. गुणाआक्का नावाची म्हातारी होती, तोंडाची फटकळ. तिनं माझ्याकडं बोट केलं.

"ही हाय की. हिला नवरा न्हाई, जिमीन न्हाई. हिचं काय काढून घेत्याल?"

रांग हसली. मीही हसले. मग एकेक जण हसायचा थांबला आणि सगळे माझ्याकडं बघत राहिले.

बाचं नाव जीपमधून पुन्हा आलं होतं. मी घरी सांगितलं तेव्हा तो बैलांसाठी दावं वळत होता.

"माझ्याइरुद्ध?"

"तुझ्याइरुद्ध न्हाई बा. त्येंच्याइरुद्ध."

"नाव तर माझंच हाय की."

तो परत दावं वळायला लागला. 

मी कामाला लागले. एकटीनं गेले तर फॉर्म घेणार नाहीत, हे उघड होतं. म्हणून सगळ्यांनी जायचं. म्हातारी माणसं मध्ये, लेकरं घरी, एक घागर पुढं, एक मागं. अंगावर कुणी आलं तर जागच्या जागी खाली बसायचं, दगड उचलायचा नाही. कोण कुणाच्या शेजारी चालणार तेही मी ठरवलं, भित्र्याशेजारी धीराचं माणूस. आमची माणसं तोवर वेशीतून वाजवत आली होती, कुणाच्या लग्नापुढं नाहीतर मयतीपुढं. त्या दिवशी पहिल्यांदा हलगीशिवाय आली.

"मतदान झालंच पाहिजे!"

आधी आवाज चिरका निघाला. चावडीपाशी पोचेपर्यंत भरला. दुकानांच्या फळ्या धडाधड बंद झाल्या. शेतकऱ्यांच्या काही बायका दाराआडून बघत होत्या. त्यांनाही कुणी कधी मत विचारलं नव्हतं. पण दार कुणी उघडलं नाही.

निवडणुकीचा साहेब तालुक्यावरून आला होता. एवढी माणसं बघून त्यानं मुकाट्यानं फॉर्म घेतला. येताना आम्ही गाणी म्हटली. गुणाआक्का मला "मेंबरीनबाई" म्हणून चिडवत होती. आम्हाला वाटलं, झालं.

छाननीच्या दिवशी वस्ती चावडीसमोर बसली. आत मी, साहेब, अण्णा आणि त्यांचे दोन पुतणे. बा दाराशी.

एका पुतण्यानं हरकत घेतली. हिचं वय भरत नाही, एकवीस झालेलं नाही. मतदारयादीत नाव चुकून लागलं आहे. साहेबानं शाळेचा दाखला मागितला. मी चौथी शिकलेली, दाखला शाळेत होता. हेडमास्तर त्याच दिवशी रजेवर गेले होते आणि कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात.

"मग जन्माची नोंद?"

वस्तीत नोंदी नव्हत्या. आमच्यात वय आठवणीनं मोजत. कुणी पटकीच्या साथीतला, कुणी पुराच्या सालचा. माझी आठवण सगळ्या गावाला पाठ होती, कारण बा ती ज्याला त्याला सांगे. गावात पहिली यष्टी आली त्या दिवशी मी जन्मले. सगळं गाव यष्टीपुढं नारळ फोडायला गेलं. "आन् मी हिच्या आईपाशी बसलो," बा म्हणायचा, "यष्टी काय, उद्याबी येती." यष्टी कोणत्या साली आली, ते पोरंसोरंही सांगत. त्या हिशोबानं मला बाविसावं लागलं होतं.

साहेब म्हणाला, "वडील आहेत ना? त्यांनाच विचारू."

मला हायसं वाटलं. खरंच वाटलं.

बा आत आला. टोपी काढून हातात धरली. अण्णांनी दम दिला नाही. आवाजही चढवला नाही.

"सख्या, नीट आठवून सांग. घाई न्हाई. बैलं मागनं सोडली तरी चालत्याल."



"कमी हाय, साहेब."

"किती?"

"एकोनीस आसंल."

मी म्हटलं, "बा, आन् यष्टी?"

तो माझ्याकडं वळला नाही. "यष्टी आदी आली. ही मागनं झाली."

चावडीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. अण्णांना, पुतण्यांना, पाणी देणाऱ्या शिपायाला. कुणी मान वर केली नाही. साहेबानं लिहिलं. फॉर्म बाद. माझ्या बापाचा एकच फॉर्म उरला. बिनविरोध.

साहेब माणूस वाईट नव्हता. कागद आवरताना म्हणाला, "पुढच्या वेळी भरा, बाई." जणू पुढची वेळ पुढच्या बाजारी होती.

मी बाहेर येऊन सांगितलं. वस्ती उठली नाही. आणखी घट्ट बसली. घोषणा सुरू झाल्या. आतून अण्णांचा आवाज आला, "तुझीच मानसं हायती. जा, तूच सांग त्यास्नी."

बा बाहेर आला. चावडीच्या वरच्या पायरीवर तो पहिल्यांदाच उभा राहिला होता, आणि आम्ही खाली. त्यानं हात जोडले.

"उठा गं बायांनो. घरला चला. समदं येवस्थित झालंय."

गुणाआक्का ओरडली, "तुझं झालं आसंल, सखाराम! आमच्या घागरीत काय हाय ते येऊन बघ!"

कुणी उठलं नाही. उन्हं कलायला लागली तेव्हा तालुक्यावरून पोलिसांची गाडी आली. पोलिसांना आम्ही भ्यालो नाही. त्यांच्यामागून दुष्काळी कामावरचा मुकादम उतरला. त्याला फक्त एक वाक्य बोलावं लागलं.

"हितं बसंल त्येची उद्यापास्नं हजेरी न्हाई."

आधी लेकुरवाळ्या उठल्या. मग म्हातारे. दशरथ माझ्याकडं न बघता उठला. त्याच्या घरात खाणारी तोंडं बरीच होती, मी त्याला दोष देत नाही. चावडीसमोर मी उरले आणि गुणाआक्का.

बा पायऱ्या उतरून माझ्यापाशी आला.

"ऊठ पोरी. तुझ्या पाया पडतो."

आणि तो खरंच वाकला. मी पाय पोटाशी ओढून घेतले.

"माझ्या पाया पडू नको, बा. न्हाई उठनार मी."

आयुष्यात मी मोठ्या माणसाला पहिल्यांदा नाही म्हटलं, आणि ते माझ्या बापाला. अण्णा वर उभे राहून बघत होते. मला ते ‘नाही’ त्यांना म्हणायचं होतं. पण त्यांनी मध्ये बाला उभा केला होता.

पोलिसांनी दंड धरून आम्हा दोघींना उचललं आणि वेशीबाहेर नेऊन सोडलं. मारलंसुद्धा नाही. नोंद नाही, बातमी नाही. दुसऱ्या दिवशी टँकर गावच्या विहिरीत रिकामा झाला आणि आमच्या बाया लांब घागरी मांडून बसल्या. मीही बसले. माझं नाव हजेरीतून गेलं होतं, तेवढा वेळ हाताशी होता.

बा मेंबर राहिला आणि सालगडीच मेला. माझ्या जन्माची गोष्ट त्यानं परत कधी कुणाला सांगितली नाही. वस्तीतल्या मुली मला विचारतात, बापाला माफ केलं का. मी म्हणते, त्याच्या तोंडून माझी वर्षं ज्यांनी कापून घेतली, त्यांनी माझ्याकडं माफी मागितलेली नाही. ते आधी. बाचं नंतर बघू.

आता माझे केस पिकले. वस्तीत बाळंतपण झालं की मी त्याच आठवड्यात पंचायतीत जाते. जन्माची नोंद माझ्यासमोर करून घेते, तारीख वाचून बघते, दाखला हातात पडेपर्यंत हलत नाही. ग्रामसेवक वैतागतात. "बाई, उद्या या." मी बसून राहते. आमच्या एकाही पोरीचं वय तिच्या बापाला विचारायची वेळ कुणावर येऊ देणार नाही.

आणि दर निवडणुकीला फॉर्म भरते. दर वेळी पडते. अण्णा गेले, त्यांचा पुतण्या आला. जीप गेली, मोटार आली. नावं अजून तिथूनच येतात. वस्तीतलेच लोक मला म्हणतात, कशाला उगाच, तू काय निवडून येणार नाहीस. बरोबर आहे. येणार नाही.

सोमवारपासून फॉर्म घेणार आहेत. माझे कागद तयार आहेत. जोवर मी आहे, तोवर त्यांना शाळेत पेटी ठेवावी लागेल.