आत्याबाईंचा गळा

डिचोलीच्या बाजारात आत्याबाईंना शिव्या पडायच्या, आणि त्या शिव्या त्या हौसेने ऐकून घ्यायच्या. टीव्हीवरच्या एका मालिकेत त्यांनी कितीतरी वर्षं घर फोडणारी आत्या रंगवली होती. मालिका बंद पडून बराच काळ लोटला, तरी लोकांचा राग काही उतरला नव्हता. एकदा मासळीवालीने समोरची टोपली झाकूनच टाकली. म्हणाली, "सुनेक जाळूक निघाललंस ना गो तू? आणि ताजे बांगडे होये तुका?" आत्याबाईंनी पदर खोचला, डोळे बारीक केले आणि मालिकेतल्या त्या घोगऱ्या, थंड आवाजात म्हणाल्या, "झाकलेलं उघडायची सवय आहे मला." मग जो काही हशा पिकला! बांगडे चांगले मिळाले.

परतीच्या बसमध्ये मात्र त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. आमचं मुळगाव जवळ आल्यावर मला म्हणाल्या, "शिव्या का होईना, देतात. गाणारी म्हणून एक माणूस ओळखत नाही."

आमची घरं शेजारी-शेजारी. मधे फक्त चिऱ्यांचा बुटका गडगा. पलीकडचं घर आत्याबाईंच्या थोरल्या भावाचं. भाऊ मूळचे पेडण्याकडचे, खाणीवर ट्रक चालवायला म्हणून मुळगावात आले आणि इथलेच झाले. खाणी बंद झाल्यावर त्यांचा ट्रक अंगणात उभा राहिला, त्याच्या टायरांवर वेली चढल्या. मुलगा वास्कोला बंदरात नोकरीला, बायको आधीच गेलेली. अशा त्या रिकाम्या घरात आत्याबाई मुंबईहून दोन बॅगा घेऊन उतरल्या. मालिकेतली त्यांची भूमिका एका वाक्यात संपवली होती. "आत्या काशीला गेल्या," असं कुठल्याशा पात्राने म्हटलं आणि झालं. आत्याबाईंना ते मेकअप करणाऱ्या मुलीकडून कळलं. "काशीला पाठवलं ते बरं केलं," त्या म्हणायच्या, "मारलं असतं तर स्वतःच्या फोटोला हार घातलेला बघावा लागला असता."

रोज सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजायच्या आत त्या तयार असायच्या. इस्त्रीची सुती साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, चेहऱ्यावर पावडर. उंडे पाव घ्यायला फाटकापर्यंत जायचं तरी तोच थाट. मी एकदा विचारलं, एवढ्या सकाळी कोण बघणार आहे? "भाऊ बघतो ना," त्या म्हणाल्या. "उतरलेलं तोंड त्याने एकदा बघितलंय. परत नको."

ते त्यांनी मला तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. आई देवळात गायची. तिच्याकडून गळा आला. पेडण्याच्या एका गुरुजींकडे भाऊ त्यांना सायकलवर डबलसीट घेऊन जायचे आणि शिकवणी संपेपर्यंत बाहेर पेरूच्या झाडाखाली बसायचे. पुढे संगीत नाटकं, मग मुंबई, मैफली, नाव होऊ लागलेलं. तेवढ्यात गळ्यात गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ गेली. "शुद्धीवर आले आणि पाणी मागितलं, तर कोणी बापयाच बोलल्यासारखा आवाज आला. मी खोलीत बघितलं, कोण पुरुष आलाय म्हणून." डॉक्टर म्हणाले, एखादी शीर दुखावली जाते कधीकधी. ऑपरेशनच्या वेळी मुंबईला गेलेल्या भाऊंनी तेव्हा त्यांचा चेहरा बघितला होता. पुढे तोच फुटलेला आवाज एका दिग्दर्शकाला खलनायिकेसाठी आवडला. गाण्याने जे दिलं नव्हतं ते सगळं त्या आवाजाने दिलं. घरोघर त्यांचं तोंड पोचलं.

मी शाळेत शिक्षिका. गाण्याची आवड लहानपणापासूनची, पण शिकायचं राहून गेलेलं. एका रविवारी कपडे वाळत घालताना गुणगुणत होते, तर गडग्यापलीकडून आवाज आला, "निषाद चढतोय गो तुझा." मी लाजून वाळत घातलेल्या साडीआड झाले. "गप्प काय बसतेस? उतरव आणि परत म्हण." तिथून माझी शिकवणी सुरू झाली.

त्या शिकवणीत गुरू कधी गायली नाही. पेटीवर सूर दाखवायच्या, बोटं हवेत फिरवून हरकत कशी घ्यायची ते सांगायच्या, चुकलं की मांडीवर थाप. मी कधी म्हटलं, आत्याबाई, एकदा तुम्ही म्हणून दाखवा ना, तर म्हणायच्या, "मेलेल्या माणसाला उठवून चहा पाजतात का?" आईचं एक पद होतं, देवीचं. ते मात्र त्यांनी मला महिनोन् महिने घोटवलं. आत पलंगावर भाऊ पडलेले असायचे. पक्षाघाताने त्यांचा एक पाय गेला होता. ते पद सुरू झालं की त्यांचं खोकणंसुद्धा थांबायचं.

मग पेडण्याहून निमंत्रण आलं. गावच्या देवळाचा वार्षिक उत्सव, त्यात गावच्या लेकीचा सत्कार. समितीची माणसं घरी आली तेव्हा आत्याबाई त्यांना म्हणाल्या, "माझी ओळख करून देताना गायिका आधी म्हणा." त्यांनी माना डोलावल्या. त्यानंतर रोज दुपारी त्यांच्या घराची दारं बंद होऊ लागली. आतून पेटी ऐकू यायची, आणि पेटीखाली दबलेलं आणखी काहीतरी.

उत्सवाच्या दिवशी आम्ही गाडी केली. भाऊंना दोघांनी उचलून पुढच्या रांगेत खुर्चीवर बसवलं. संध्याकाळची वेळ, मंडपात खच्चून गर्दी. निवेदकाने माईक हातात घेतला आणि ओरडला, "तुमची, आमची, सगळ्यांची लाडकी दुष्ट आत्या!" शाल झाली, श्रीफळ झालं. मुलं ओरडू लागली, "डायलॉग! डायलॉग!" आत्याबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. मला खुणेने पेटीवर बसवलं. म्हणाल्या, "या देवळात मी पहिल्यांदा गायले. आज परत गाते."

पहिली ओळ खालच्या सुरात होती. ती त्यांनी धरली. खरखरीत होती, पण सुरात होती. दुसऱ्या ओळीला पद वर चढतं. तिथे आवाज फाटला. त्यांनी श्वास घेतला, परत चढल्या, परत फाटला. गर्दीत कोणीतरी हसलं. मग हसू पसरत गेलं. लोकांना वाटलं आत्या गंमत करतेय, मालिकेतली खाष्ट बाई गायला बसली तर कशी गाईल त्याची नक्कल करतेय. शिट्ट्या पडल्या. एका बाईंनी हसता-हसता डोळे पुसले. त्यात वाईट मनाचं कोणीच नव्हतं. सगळ्यांना मजा येत होती, एवढंच.

आत्याबाई थांबल्या. त्यांनी समोरच्या चेहऱ्यांकडे एकदा नीट पाहिलं. मग पदर खोचला, डोळे बारीक केले आणि लोकांना हवा होता तो डायलॉग म्हटला. मंडप टाळ्यांनी दणाणला. मी पेटीचा भाता मिटला. पुढच्या रांगेत भाऊ एका हाताने तोंड झाकून रडत होते.

आम्ही गाडीने परत निघालो. अस्नोड्याच्या जवळपास आत्याबाई भाऊंना म्हणाल्या, "रडलंस कित्याक? लोकां हसत होती मरे."

"लोकांनी आजचो ऐकलो," भाऊ म्हणाले. "माका तुझो पयलो गळो ऐकू येत होतो."

त्यांनी भावाचा निर्जीव पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि घर येईपर्यंत दाबत राहिल्या.

शिकवणी त्यानंतरही चालली, पण त्या पदाला त्यांनी हात लावला नाही. पुढच्या उन्हाळ्यात भाऊ गेले. दिवसकार्य झाल्यावर भाचा त्यांना वास्कोला घेऊन गेला. निघताना त्यांनी पेटी माझ्या घरी आणून ठेवली. "तिकडे फ्लॅटमध्ये भिंती पातळ आहेत," एवढंच म्हणाल्या. मी सुट्टीत भेटायला जायची. तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसलेल्या असायच्या, खाली बंदराच्या क्रेन. साडी आता इस्त्रीची नसायची. शेवटच्या भेटीत म्हणाल्या, "हल्ली बोलायचंच बंद केलंय मी. बोलले की शेजारची पोरं दार वाजवतात, परत बोला म्हणून."

यंदा होळीच्या आधी भाच्याचा फोन आला, आत्या गेली म्हणून. मी पोचले तेव्हा त्यांना खाली गाड्या लावायच्या जागेत ठेवलं होतं. भाच्याने मला बाजूला घेतलं. "त्यांचं एखादं गाणं लावूया म्हणतोय. तुमच्याकडे असेल ना रेकॉर्डिंग?" माझ्याकडे नव्हतं. त्याच्याकडेही नव्हतं. कोणीतरी मोबाईलवर शोधलं. मालिकेचे तुकडे भरपूर निघाले, गाणं एकही नाही.

भाचा म्हणाला, मग तुम्हीच म्हणा काहीतरी. मी त्यांच्या पायाशी बसले आणि ते पद म्हटलं, वर चढतं तिथेही चढले. बायका हात जोडून ऐकत होत्या. संपल्यावर एका म्हाताऱ्या शेजारणीने माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "ही पण अशीच गायची का गो?"

मला सांगता आलं नाही. ते ठाऊक असलेला माणूस आदल्या उन्हाळ्यातच गेला होता.