फँटमवाल्या मॅडम

फँटमवाल्या मॅडमचा हात चालायचा. पनवेलमधल्या त्यांच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये मी शिकायला लागले, त्याच दिवशी त्यांनी माझ्या मनगटावर असा फटका मारला की अंगावर फिरवायचा प्रोब हातातून पडता पडता राहिला. "कणीक मळतेस का? बाई आहे ती!"

बाई म्हणजे फँटम, स्तनाची नक्कल. जिलेटिनमध्ये इसबगोल घालून मॅडम ती घरच्या गॅसवर शिजवत आणि वाडग्यात थिजवत. पडद्यावर ती हुबेहूब खऱ्यासारखी दिसे. पाण्याची गाठ म्हणून आत द्राक्ष असे, घट्ट गाठ म्हणून वाटाणा. पडद्याकडे बघत सुई नेमकी वाटाण्यात न्यायची. माझी सुई आरपार गेली की त्या फँटम उचलून भिंतीवर आपटत. "फुप्फुसात घातलीस! मारलंस तिला!" भिंतीवरची जेली मग मीच पुसायची. डोळ्यांत पाणी आलं तर म्हणत, "रड खुशाल. हात हलता कामा नये."

एका दुपारी उरणची एक मासेविक्रेती नवऱ्याबरोबर आली. तिच्या स्तनातली गाठ मॅडमना चांगली वाटली नाही. सुईनं तुकडा काढून तपासू या, असं त्या म्हणताच नवरा भडकला.

"माझ्या बायकोला भोसकताव? काय नाय करायचा!"

त्यानं तिला केसांना धरून खाली ओढलं, तिचं डोकं दारावर आपटलं आणि स्टीलचं स्टूल उचललं. मॅडमनी उजवा हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पुढच्याच क्षणी त्यांनी डाव्या मुठीनं त्याचं तोंड फोडलं. वॉचमननं त्याला धरलं तेव्हा फरशीवर तिघांचं रक्त होतं. पोलीस त्याला घेऊन गेले.

आठवड्यानं ती भावासोबत परत आली. कपाळावर टाके होते.

"मी आले हाय, बाय. तुमीच करा."

मॅडमचा हात प्लास्टरमध्ये होता. "ही करेल."

"हिला जमल?"

"माझा मार खाऊन शिकलीय."

जमलं. गाठ कॅन्सरचीच निघाली, पण वेळेत सापडली. ऑपरेशननंतर ती भावाकडे राहिली आणि पुन्हा बाजारात बसू लागली.

मॅडमच्या बोटांत मात्र ताकद आली नाही. सेंटर माझ्याकडे सोपवून त्या बहिणीकडे राहायला निघाल्या, तेव्हा ती मासेविक्रेती पापलेटांची पिशवी घेऊन दारात हजर.

"मी मासे खात नाही, कळत नाही का?" मॅडम तिच्यावर ओरडल्या, आणि ती गळकी पिशवी छातीशी धरून रिक्षात बसल्या.