आरोळीला फसलेलं यंत्र

भाजीवाल्या मावशींच्या हृदयाला लाखात एखाद्यालाच होणारा आजार होता. त्यावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरांनी त्यांच्या छातीत यंत्र बसवलं. ठोके भरकटले की ते झटका देई. पण मावशींनी पोट आवळून आरोळी ठोकली, की ठोके सरळ असतानाही झटका बसे!

तपासणीसाठी झटके बंद करून मावशींना निजवलं, तर यंत्र टिपत असलेल्या ठोक्यांची पडद्यावरची रेघ अगदी शहाण्यासारखी.

“झोपून कोण भाजी विकतं?” म्हणत मावशी ताडकन उठल्या आणि “भाजीऽऽ!” अशा गरजल्या, की रेघ थयथयाट करू लागली.

“नाडी तर सरळ आहे! आरोळीने आवळलेल्या स्नायूंनाच ठोके समजून यंत्र फसतंय,” मावशींचं मनगट धरून डॉक्टर म्हणाले. “आता ओरडणं सोडा, मावशी.”

“का म्हणून? काळीज आजारी आहे माझं, गळा नाही! उद्या सकाळी मी गल्लीत ओरडणारच. तोवर त्या यंत्राला अक्कल शिकवा.”