अंदमानच्या कड्यावर षष्ठीचं पाणी

समुद्र बघायला विमानात बसणारा पाचूबंदरचा पहिला कोळी मीच असेन. जेटीवर बातमी फुटली तेव्हा मासळीच्या लिलावाला बसलेल्या बायकासुद्धा हसल्या. "दारातला दर्या पुरत नाय का?" मी म्हटलं, "दारात गाळ हाय. दर्या बघून येतो नि सांगतो कसा असतो ते."

मुलगी विरारला मनवेलपाड्यात राहते, नोकरीला जाते. तिनंच मला आणि तिच्या आईला अंदमानला नेलं. तिथल्या एका लहान बेटावर एक दिवस नुसतं चालायचं होतं. किनाऱ्याच्या कड्यांवरून निघायचं ते थेट टोकाच्या दीपगृहापर्यंत. दीपगृह म्हणजे आमच्या भाषेत बत्ती. सोबत वाटाड्या होता. त्याच बेटावरचा, चाळिशीचा, पायात रबरी चप्पल. त्यानं सकाळीच माझे पांढरे केस बघितले आणि मुलीला म्हणाला, "दादाजी और माताजी बीच के गाँव तक. वहाँ जीप खड़ी रहेगी."

मला विचारलं नाही. मुलीला सांगितलं! मी तिथंच ठरवलं, बत्तीला पायानं जायचं. जीपमध्ये बसायचं नाही.

"गुडघ्याला तेल रोज मी चोळते," बायको म्हणाली. "ह्यांचं काय ते मना इचारा."

"तू गप चाल," मी म्हटलं आणि सगळ्यांच्या पुढे झालो.

आमचा किनारा सपाट. चिखल, वाळू, सुरूची झाडं. समुद्र आम्ही कायम डोळ्यांच्या रेषेत बघतो, होडीत बसलं की आणखीच खाली. इथं मी कड्यावर उभा आणि समुद्र पायाखाली, नारळाची चार झाडं एकावर एक ठेवावीत इतका खाली. आणि पाणी? तळ दिसत होता! तळाचे दगड मोजावेत असं पाणी. त्यात हिरवे-निळे मासे थव्यानं वळत होते, सगळे एकदम. मी जन्मभर मासा बघितला तो जाळ्यात, टोपलीत, नाहीतर ताटात. तो स्वतःच्या घरात कसा हिंडतो हे मी त्या दिवशी बघितलं. मी कड्यावर पालथा झोपलो आणि बघत राहिलो.

"बाबा, ऊठ! पडशील!" मुलगी ओरडली.

"अगं, ते बघ, त्याला शेपूट कसं फिरवावं लागतं ते बघ!"

तिनं माझ्या शर्टाला मागून धरून ठेवलं, पण बघितलं तिनंही.

पुढं वाट दुभागली. एक जंगलातून वर, झाडांची मुळं धरत. दुसरी कड्याच्या पोटाशी, खाली, खडपांवरून, म्हणजे पाण्याकाठच्या खडकांवरून. वाटाड्या वरच्या वाटेला लागला. मला खडपं बरी. लहानपणापासून कालवं फोडायला खडपांवर गेलेला माणूस मी, चढण मात्र गुडघ्याला बाधते. मी म्हटलं, "नीचे से."

"नहीं दादाजी, पानी चढ़ रहा है."

आता पाण्याचं मला हा सांगणार! मी बोटांवर तिथी मोजली. षष्ठी. षष्ठीला आमच्याकडे पाणी सकाळभर उतरत असतं, अकराच्या आत सुकती, म्हणजे ओहोटी, पुरी होत नाही. आणि आत्ता कुठे साडेनऊ वाजले होते. खडपं पण वरपर्यंत ओली दिसत होती, म्हणजे पाणी नुकतंच उतरलेलं. "सुकती है," मी त्याला ठणकावलं. "षष्ठी का पानी है. मेरे कू मत सिखा." आणि उतरलो.

मुलगी माझ्यामागे आली, नाइलाजानं. वाटाड्या डोक्याला हात लावून मागोमाग. बायको वरच थांबली.

थोडं पुढं गेलो तर एका घळीत लाट शिरली आणि गुडघ्यापर्यंत भिजवून गेली. डाव्या पायातली चप्पल सुटली. सुकतीच्या पाण्यात ती समुद्राकडे जायला हवी होती. ती निघाली डोंगराकडे! आत, आणखी आत, दगडांच्या फटीत जाऊन बसली.

वरून बायकोचा आवाज आला, "चपलेला कललं, तुमाला नाय कललं!"

मुलगी तशा पाण्यात हसत हसत खाली बसली. वाटाड्याला भाषा कळली नाही, तरी तोही हसला. मी फटीतून चप्पल काढली, पायात घातली आणि वर चढायला लागलो. मुळं धरून, गुडघा शिव्या देत असताना.

वर जाऊन दम खाल्ला. मग मी त्याला विचारलं. पाण्याबद्दल दुसऱ्याला विचारायची माझी ही पहिलीच वेळ. "इधर षष्ठी को पानी कब सुकता है?"

तो बसला आणि त्यानं नीट सांगितलं. इथं चंद्र तोच, पण पाणी आमच्या दोनेक तास आधी येतं आणि आधी जातं. त्याचा बापही बोटांवरच मोजायचा. मला इतकी मजा वाटली! षष्ठी एकच आणि पाणी दोन तऱ्हेचं.

मधल्या गावात जीप उभी होती. ड्रायव्हरनं दार उघडलं. मुलगी म्हणाली, "बाबा, भिजलास, दमलास. बस आता."

मी वाटाड्याला विचारलं, "आगे क्या है?"

पुढं वाळूचा एक पट्टा होता. भरतीत तो बुडतो आणि मग कड्यावरून मोठा वळसा पडतो. दुपारचं जेवण गावात, तोवर पट्टा बुडणार, आणि वळशाच्या चढणीला म्हातारी माणसं नकोत, म्हणून जीप.

मी नव्या हिशोबानं बोटं मोजली. "पट्टा एक बजे तक खुला है ना? खाना बाद में. अभी चलो."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग घड्याळाकडे. "चलेगा दादाजी. लेकिन रुकना नहीं."

"मला कोण थांबवतो!"

बायको तोवर जीपमध्ये बसलेली. ती जेवणाचा डबा घेऊन खाली उतरली आणि तिनं पदर खोचला. "एकटी बसून हितं माश्या मारू काय?"

पट्टा आम्ही जवळजवळ धावत पार केला. लाट घोट्याला लागत होती, बायको माझ्या पुढे, मुलगी "आई, सावकाश!" म्हणत सगळ्यांच्या मागे. मी तर मोठ्यानं ओरडत होतो, काय ते आता आठवत नाही. पलीकडच्या खडकावर चढून मागे वळलो तेव्हा अर्धा पट्टा गेला होता.

तिथून बत्ती जवळच. मी भिंतीला हात लावला. उन्हानं तापलेली होती. दुसराही हात लावला आणि तसाच उभा राहिलो. तिन्ही बाजूंना समुद्र, सगळा पायाखाली.

बायको पायरीवर बसून डबा उघडत होती. "लावलात ना हात? आता जेवा. आनि परत कवा निघायचं ते त्या मानसाला इचारा, बोटं नका मोजू."

मी विचारलं.