विहिरीतली हरणी

लातूर नवा जिल्हा झाला आणि माझ्या नवऱ्याची तिथे बदली झाली. ते सरकारी कचेरीत कारकून होते. मी नांदेडची. तिथे माझ्या वडिलांचा छोटा फोटो स्टुडिओ होता. विहारातली लग्नं, शाळेचे ग्रुप फोटो अशी त्यांची कामं. रोल धुणं आणि फोटो छापणं मी लग्नाआधीच त्यांच्याकडून शिकले होते. सासरी येताना वडिलांनी निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचा त्यांचा जुना एन्लार्जर मला दिला, तो मी मांडीवर घेऊन बसमधून आणला.

नवऱ्याला रानातल्या जनावरांचे फोटो काढायचा लई नाद. रविवारी सायकल काढून ते औशाकडच्या माळावर जायचे, दिवसभर बाभळीच्या आडोशाला बसायचे आणि दिवेलागणीला रोल माझ्या हातात द्यायचे. फिल्म काळी-पांढरीच, कारण तीच घरी धुता येई. आमची न्हाणी हीच माझी डार्करूम. खिडकीला घोंगडी, बल्बला लाल कागद.

काळवीट मी जिवंत कधी पाहिलेलं नव्हतं. मला माहीत होतं ते निगेटिव्हमधलं, पाठ पांढरी आणि पोट काळं. ट्रेमधल्या कागदावर ते हळूहळू सुलटं होत जाई. ते दाराबाहेरून विचारायचे, "आलं का?"

"आलंय. या वेळी फोटोत शिंगं कापली नाहीत तुम्ही."

ते बाहेर हसायचे. आमच्या संसारातले बरे दिवस म्हटले की मला ही न्हाणीच आठवते.

मग पाऊस गेला. पुढच्या वर्षीही आला नाही. गल्लीत टँकर येऊ लागला. फिल्म धुवायला पाणी सढळ लागतं, नाहीतर तिच्यावर औषध राहून पुढे चित्र पिवळं पडतं. पण प्यायच्या पाण्यातून फिल्मला पाणी द्यायचं मन होईना. मी घागरीतलं थोडं थोडं ओतून कसंबसं धुवायची. ट्रेमध्ये वर येणारी जनावरंही बदलली होती. बरगड्या मोजता याव्यात इतकी वाळलेली, मान खाली घालून उभी.

"एकदा मला न्या," मी म्हणाले. "सगळी मरायच्या आधी एकदा डोळ्यांनी बघू द्या."

उन्हाळ्यातल्या एका रविवारी आम्ही सकाळच्या बसने निघालो. माळावर पोचलो तर पडीक विहिरीभोवती माणसं जमलेली. विहिरीला कठडा नव्हता. पाण्याच्या वासानं एक हरणी आत पडली होती. तळाला गुडघाभर काळं पाणी, त्यात ती मान वर करून उभी. मी जन्मात पाहिलेलं पहिलं हरीण ते.

नवऱ्याने कॅमेरा काढला, वाकून एकच फोटो घेतला. मग कॅमेरा माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "मी उतरून राहिलो. दोर कुणाकडंय?"

"साहेब, कडा ढासळलाय," एक म्हातारा शेतकरी म्हणाला.

"हाव, दिसतंय. धरा तुम्ही."

कमरेला दोर बांधून ते उतरले. हरणीनं लाथा झाडल्या, त्यांचा शर्ट फाटला, हात सोलला. शेवटी कुणीतरी वरून टाकलेल्या धोतरात त्यांनी तिला गुंडाळलं आणि वरच्यांनी ओढून घेतलं. तिला सावलीत ठेवलं. मी तिच्या तोंडाशी ओंजळीनं पाणी धरलं. तिनं तोंड लावलं नाही. अंग थरथरत होतं, डोळे आमच्याकडे लागलेले. नवरा वर येईपर्यंत तिची मान पडली होती.

"बुडाली नाही, लागलं नाही," ते म्हणाले. "मग मेली कशानं?"

"भ्याली," म्हातारा म्हणाला. "माणसाचा हात लागला की न्हाई टिकत हे जनावर."

परतीच्या बसमध्ये ते सोललेल्या हाताकडे बघत बसले.

तो फोटो छापायला मला लई त्रास झाला. विहीर काळी, हरणी तिच्यात बुडून गेलेली. मी तारेला पुठ्ठ्याचा तुकडा लावून कागदावर तिच्या तोंडापुरती सावली धरली, म्हणजे तेवढा भाग कमी काळा व्हावा. कितीतरी कागद वाया गेल्यावर तिचा डोळा दिसू लागला. पाण्यात पडलेला आकाशाचा पांढरा तुकडा, भोवती दगड, तळाशी ती. यांनी पाहिला आणि म्हणाले, "असंच होतं."

त्याच सुमारास गावातल्या एका मंडळानं नव्या जिल्ह्याचं फोटोप्रदर्शन भरवायचं ठरवलं. मंडळाचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. तो फोटो बराच वेळ हातात धरून म्हणाले, "जनावर सुरेख आहे हो. पण विहीर कशाला? दुष्काळ काय, सगळे रोजच बघतात. आजूबाजूचं काढून टाका, झकास होईल."

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "दे तसं छापून."

"मी नाही छापणार," मी म्हणाले. "मग ती विहिरीत आहे हे कुणाला कळणार?"

"निदान लोक तिला बघतील तरी."

मी हलले नाही. तेव्हा त्यांनी माझ्या शिलाई मशीनवरची कात्री घेतली आणि फोटो कापला. दगड गेले, आकाश गेलं. मान, कान, डोळा आणि थोडं चमकतं पाणी उरलं.

प्रदर्शनात त्याच्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'तृप्त हरिणी'. आम्ही दोघं मागे उभे होतो. एक बाई तिच्या मुलीला म्हणाली, "बघ गं, कशी शांत पाणी पिऊन राहिली." यांनी माझा दंड धरला आणि आम्ही बाहेर आलो. रस्त्यात ते म्हणाले, "तुझं बरोबर होतं." मला त्याचं काही बरं वाटलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात माळ हिरवा झाला. ते दोनदा जाऊन आले, रोल कोराच. मी विचारलं तर म्हणाले, "कॅमेरा डोळ्याला लावला की हात जड होतो." काही वर्षांनी उमरीला बदली झाली. तिथे मी पासपोर्ट फोटोंचं दुकान टाकलं. ते संध्याकाळी येऊन बसायचे, गिऱ्हाइकांशी बोलायचे, कॅमेऱ्याला मात्र हात लावायचे नाहीत.

एकदा उमरीहून बसने नांदेडला जाताना ज्वारीच्या कापलेल्या रानात काळविटांचा कळप दिसला. पुढे काळा नर, मागे माद्या.

"अहो, ते बघा," मी म्हणाले.

"हाव," ते म्हणाले. ते बघतच होते. मग धूळ येत होती म्हणून त्यांनी खिडकी ओढून घेतली.